सावध राहून दमलेले मन

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका वाड्यावर वाढलेले, गावडा या आदिवासी समाजातील एक गृहस्थ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेले आणि काही वर्षांपासून स्विंडनमधील एका गोदामात काम करीत आहेत. तिथे त्यांच्या उच्चारांची नक्कल होते, जड माल उचलण्याची पाळी नेमकी त्यांच्यावर आणि त्यांच्यासारख्यांवर येते, रस्त्याने जाताना गाडीतून कुणीतरी 'आपल्या देशात परत जा' असे ओरडून जाते. तक्रार केली की 'गंमत होती' असे उत्तर मिळते. आठ वर्षांच्या मुलीला शाळेत रंगावरून बोलले गेले आणि ती आता अंघोळीच्या वेळी हात घासत बसते. सध्या ते सुट्टीवर गावी आले आहेत. झोप लागत नाही, घरात आवाज चढतो, पिणे वाढले आहे. घरचे म्हणतात की इतके पौंड मिळतात तर थोडे सोसावे, मन घट्ट करावे. याखेरीज त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या आहेत, ज्या मला या पत्रात सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. गोदामात अपमान झाला की त्यांना लहानपणी शिकवणीच्या घरी वेगळा ठेवलेला, अंगणातल्या कोनाड्यात उपडा घातलेला पत्र्याचा पेला आठवतो. आणि गावी आल्यावर घराची भिंत बांधणाऱ्या गवंड्यावर ते 'घाटी' (गोव्यात घाटावरून आलेल्या मजुरांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द) म्हणून ओरडले, त्या रात्री त्यांना स्वतःचीच शिसारी आली. 'मी आजारी आहे की दुबळा?' असे त्यांनी विचारले आहे.

दुबळे तर तुम्ही नाहीच. आजाराविषयी सांगायचे तर तुमची लक्षणे खरी आहेत, त्यांवर उपचार होतात आणि काहींवर ते लवकर व्हायला हवेत. मात्र त्यांचे मूळ तुमच्या स्वभावात शोधू लागलो तर उपचाराची दिशाच चुकेल. ही चूक मानसोपचाराच्या क्षेत्राने पूर्वी मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. अमेरिकेत सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने 1851 मध्ये गुलामगिरीतून पळून जाऊ पाहणाऱ्या काळ्या माणसांना एक मनोविकार होतो असे मांडले आणि त्याला भारदस्त ग्रीक नावही दिले. गुलामगिरी हेच पळून जाण्याचे पुरेसे कारण आहे, हे त्याने मानले नाही. पुढे शंभर वर्षांनी मार्टिनिक बेटावर जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ फ्रांत्झ फॅनन फ्रेंचांच्या ताब्यातील अल्जेरियात ब्लिडा येथील रुग्णालयात काम करू लागले, आणि माणसाला त्याच्याच भूमीत परके करणारी राजवट चालू असताना त्याच माणसाला 'बरे करून' तिच्यात परत पाठवणे हे कसले वैद्यक, या प्रश्नाने अस्वस्थ होऊन 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपल्याकडचा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही स्पष्ट म्हणतो की एखाद्याचा सामाजिक वा आर्थिक दर्जा, अथवा तो कोणत्या वांशिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक गटातला आहे, या आधारावर मानसिक आजार ठरवता येणार नाही.

आता तुमच्या मनात नेमके काय घडते आहे ते पाहू. उघड शिवी पडली तर माणूस दुखावतो, पण निदान संभ्रम राहत नाही. माणसाला खरे झिजवतात ते छोटे, दुहेरी अर्थाचे प्रसंग. पाळी खरोखर योगायोगाने आली की मुद्दाम दिली, हसू माझ्यावर होते की दुसऱ्याच गोष्टीवर, मी उत्तर द्यायला हवे होते की बरे झाले गप्प राहिलो, हा निवाडा दिवसातून अनेकदा एकट्याने करावा लागतो आणि घरी आल्यावरही तो संपत नाही. चेस्टर पिअर्स या कृष्णवर्णीय अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1970 मध्ये अशा बारीक, सततच्या हल्ल्यांकडे लक्ष वेधले होते. पुढचा प्रसंग कुठून येईल याचा अंदाज घेत शरीर सतत सज्ज राहते, स्नायू ताठ राहतात, झोप उथळ होते, कामावर गिळलेला राग घरात बाहेर पडतो. अमेरिकी संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी 1992 पासून हे मांडले आहे की वर्षानुवर्षे असा ताण सोसणाऱ्या समूहांतील माणसांची शरीरे वयाच्या आधीच झिजतात.

घरच्यांच्या 'मन घट्ट कर' या सल्ल्याकडेही याच अंगाने पाहायला हवे. त्यांचा हेतू वाईट नाही, पण सल्ला अपुरा आहे. शर्मन जेम्स या संशोधकाने अमेरिकेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचा अभ्यास करून दाखवले की हाती साधने फारशी नसताना केवळ जिद्दीच्या बळावर दुप्पट कष्ट करून परिस्थितीशी झुंजत राहणाऱ्यांमध्ये रक्तदाब वाढण्याची शक्यता अधिक असते. सोसण्याची किंमत शरीर भरते. तुम्ही रक्तदाब तपासून घेतला नसेल तर तो या आठवड्यात तपासून घ्या. हा सल्ला मानसतज्ज्ञाकडून येतो म्हणून तो दुय्यम समजू नका.

माझे म्हणणे असे आहे की तुमचा सावधपणा हा आजार नाही. तो तुम्ही खऱ्या परिस्थितीत शिकलेला शहाणपणा आहे, आणि ती परिस्थिती अजून संपलेली नाही. म्हणून तो सोडून द्या असे मी सांगणार नाही. अपघातासारख्या एकदा घडून गेलेल्या प्रसंगावरच्या उपचारांत 'धोका आता टळला आहे' हे मनाला हळूहळू पटवून द्यायचे असते. तुमच्या बाबतीत हे तंत्र जसेच्या तसे वापरले तर मन ते नाकारील, आणि ते योग्यच असेल, कारण पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच गोदामात उभे असाल. इथे साधायचे ते वेगळे आहे. सावधपणा कुठे लागतो आणि कुठे लागत नाही हे मनाला पुन्हा ओळखता यावे, म्हणजे आईच्या पडवीत बसलेले असतानाही शरीर पहाऱ्यावर राहणार नाही.

त्यासाठी पहिले काम अगदी साध्या पातळीवर आहे, झोप आणि दारू. अपमान आठवून झोप उडते म्हणून पिणे, आणि प्यायल्यावर मध्यरात्रीनंतर झोप तुटून पुन्हा तेच आठवणे, हे चक्र मी गोव्यात इतक्या वेळा पाहिले आहे की दारूचा विषय बाजूला ठेवून बाकीचे उपचार सुरू करणे मला व्यर्थ वाटते. मात्र रोज भरपूर पिणे होत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर स्वतःच्या निश्चयाने एका दिवसात बंद करू नका. अशा वेळी एकदम थांबणे जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना भेटा. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत, यासाठी बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाण्याविषयी गोव्यात अजून जी कुजबुज चालते तिच्याकडे दुर्लक्ष करा. तिथे जाणाऱ्यांत कोण कोण असते हे कळले तर कुजबुजणाऱ्यांनाच आश्चर्य वाटेल.

दुसरे काम म्हणजे अपमानाने आयुष्यातून हुसकावून लावलेल्या गोष्टी परत आणणे. पर्वरीच्या 'संगात' संस्थेने गोव्यातीलच आरोग्य केंद्रांत एक पद्धत तपासून पाहिली, जिचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीव्र नैराश्य असलेल्या माणसांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मदत केली आणि तिचा उपयोग झाला. तिचा गाभा साधा आहे. मन उदास असले की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे आणखी उदास होतो. तेव्हा मनःस्थिती सुधारण्याची वाट न पाहता ठरवून, वेळ नेमून, लहानशी अर्थपूर्ण कृती पुन्हा सुरू करायची. तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे की पूर्वी तुम्ही भजनात पखवाज वाजवत होता. सुट्टी संपेपर्यंत तो आठवड्यातून दोनदा तरी वाजवा, वाजवावासा वाटला नाही तरी. आणि स्विंडनला गेल्यावर तो कुठे, कुणाबरोबर, कोणत्या वारी वाजवायचा हे निघण्यापूर्वीच ठरवा.

तिसरे काम कागदावरचे आहे. एखादा प्रसंग घ्या आणि पानाच्या डाव्या बाजूला फक्त घडले ते लिहा: 'पर्यवेक्षकाने चार जणांतून मला आणि दुसऱ्या गोवेकराला तळमजल्यावरची जड खोकी दिली, मी विचारल्यावर हसून म्हणाला, तुम्हा लोकांना सवय असते.' उजव्या बाजूला त्यातून मनाने स्वतःविषयी काय निष्कर्ष काढला ते लिहा: 'मी या कामापलीकडच्या योग्यतेचा नाही. मी गप्प बसलो म्हणजे मी भेकड.' डावी बाजू ही त्याची वागणूक आहे आणि ती जशी आहे तशी मान्य करायची. 'त्याचा तसा हेतू नसेल' असे स्वतःला समजावत बसण्याची गरज नाही. तपासायची आहे ती उजवी बाजू. नोकरी हातची जाऊ नये म्हणून गप्प राहणे हा हिशेब असतो, भेकडपणा नव्हे. हा सराव काही आठवडे केला की माणसाला एक गोष्ट जाणवू लागते, की उजव्या बाजूची पुष्कळशी वाक्ये त्याची स्वतःची नाहीतच. ती लहानपणापासून कुणीतरी ऐकवलेली आहेत. डाव्या बाजूला तारीख, वेळ आणि तिथे हजर असलेल्यांची नावे लिहिली तर तोच कागद पुढे तक्रारीसाठीही उपयोगी पडतो.

इथेच तो पेला येतो. वंशभेद आणि जातिभेद एकच आहेत असे मी म्हणणार नाही. स्विंडनमध्ये तुम्हाला परके ठरवले जाते, गावात तुम्हाला आपले म्हणूनच पायरीखाली ठेवले गेले. तिथे निदान शब्द तरी उच्चारले जातात. इथे एकही शब्द न बोलता, प्रेमाने शिकवता शिकवता, पेला कोनाड्यात ठेवला गेला. शिकवणीच्या त्या बाईंनी तुम्हाला गणित मनापासून शिकवले असेल, आणि म्हणूनच त्या पेल्याविषयी रागावण्याचा हक्क आपल्याला आहे असे तुम्हाला कधी वाटले नसेल. असा न बोललेला अपमान मूल स्वतःच्याच खात्यावर मांडते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा कथित खालच्या आणि वरच्या जातींतील मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. सर्वांसमोर नावाबरोबर जात उच्चारल्यावर मात्र कथित खालच्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. काही मिनिटांत त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती. आपल्याला काय समजले जाते याची आठवण तेवढी करून दिली गेली होती.

गोव्यात आपण 'आमच्याकडे जातपात नाही' असे सहज म्हणून टाकतो. प्रत्यक्षात देवस्थानांचा कारभार अजून 1933 सालच्या पोर्तुगीजकालीन नियमावलीवर चालतो आणि महाजनपद, म्हणजे त्या कारभारातला हक्क, कुळावरून मिळते. मुंडकाराला भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवरील आपल्या घरातून हुसकावले जाऊ नये म्हणून 1975 मध्ये कायदा करावा लागला. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा 2003 मध्ये मिळाला. तुमच्या वडिलांनी भाटकारासमोर मान खाली घातली असेल तर तो त्यांचा स्वभाव नव्हता. डोक्यावरचे छप्पर त्या मानेवर अवलंबून होते. हे समजून घेतल्यावर अनेकांचा आईवडिलांवरचा जुना राग निवळतो.

गवंड्याच्या प्रसंगाविषयी तुम्ही विचारले नसते तरी मी लिहिले असते. अपमान गिळलेला माणूस तो आपल्याहून अशक्त माणसावर ओततो, हे जितके मानवी आहे तितकेच ते दुसऱ्याला जखमी करणारे आहे, आणि ते मानवी आहे म्हणून त्या जखमेला माफी मिळत नाही. तुम्हाला तो शब्द शोधावा लागला नाही, कारण तो गोव्यात कानाकोपऱ्यात तयार असतो. 2013 मध्ये पर्रा येथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला, त्यानंतरच्या दिवसांत राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांची तुलना कर्करोगाशी केली होती. स्विंडनमध्ये तुमच्याविषयी जे बोलले जाते त्याहून हे फार वेगळे नाही. तुम्हाला आलेली शिसारी हे मात्र मी चांगले लक्षण मानते, पण तिच्यात बुडून राहू नका. पश्चात्ताप रात्रभर उगाळण्यापेक्षा सकाळी त्या गवंड्याला नावाने हाक मारून 'काल मी बोललो ते चुकीचे होते' एवढे सांगणे अधिक उपयोगाचे आहे. तो काय उत्तर देईल ते त्याच्यावर सोडा.

मुलीच्या बाबतीत उशीर करू नका. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने 1940 च्या सुमारास लहान कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या दाखवून प्रश्न विचारले, तेव्हा अनेक मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली निवडली; 1954 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना अशा अभ्यासांची दखल घेतली. तुमची मुलगी हात घासते ते याच कारणाने. तिला 'तू काळी नाहीसच' असे सांगू नका, कारण त्यातून काळे असणे वाईट हेच ठरते. 'लक्ष देऊ नकोस' असेही नको, कारण त्यातून हा तिचा एकटीचा प्रश्न बनतो. 'ते बोलले ते खोटे आणि वाईट होते. तुझ्या हातात काही खोट नाही. मी शाळेत जाऊन बोलणार आहे,' असे तिला समजेल अशा शब्दांत सांगा आणि खरोखरच शाळेला लेखी कळवा. त्याचबरोबर घरातली भाषाही तपासा. आजी नातीला बेसन-हळद लावताना उजळपणाविषयी काय म्हणते, लग्नाच्या बोलण्यात 'गोरी' हा शब्द कसा येतो, हे मुलीच्या कानावर स्विंडनच्या शाळेआधी पडलेले असते. घासणे थांबले नाही, त्वचा सोलवटू लागली किंवा ती शाळेत जायला घाबरू लागली, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत सरळ विचारा की जातीवरून किंवा रंगावरून झालेल्या त्रासावर त्यांनी काम केले आहे का. 'तुम्ही फार मनाला लावून घेता' किंवा 'आता सगळ्यांना क्षमा करून टाका' असे उत्तर आले तर दुसरा समुपदेशक पाहा. क्षमा करणे न करणे हा तुमचा अधिकार आहे, बरे होण्याची ती अट नाही. गोवा लहान आहे, 'खंयचो तूं, कोणालो?' (कुठला तू, कुणाचा?) या दोन प्रश्नांत माणसाचे सगळे कूळ बाहेर येते, आणि आडनाव सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते याची भीती समुपदेशनाच्या खोलीतही असते. ती भीती तिथेच बोलून दाखवा. चांगला समुपदेशक तिच्यापासूनच काम सुरू करतो. मराठीत फोनवर बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे. इंग्लंडमध्ये तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या समुपदेशनासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येते आणि दुभाषाही मागता येतो. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर यांतल्या कशाचीही वाट न पाहता जवळच्या माणसाला सांगा. भारतात 14416 आणि ब्रिटनमध्ये 116 123 हे क्रमांक लगेच लावता येतात.

अशा जखमेवर एकट्याचा उपचार अपुरा पडतो, हे गोव्याइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसले असेल. देवळाच्या सेवेला पिढ्यान्पिढ्या बांधल्या गेलेल्या घराण्यांनी राजाराम पैंगीणकरांसारख्यांच्या पुढाकाराने संघटना बांधली, मुलींना त्या प्रथेतून बाहेर काढले, शिक्षणाची वाट धरली आणि गोमंतक मराठा समाज हे नाव स्वतः घेतले. त्याच समाजातील दयानंद बांदोडकर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्या काळी मानसोपचार फारसा कुणाला ठाऊक नव्हता, पण 'दोष आपल्यात नाही' हे अनेकांनी मिळून, मोठ्याने म्हणण्याने जे साधते ते कोणत्याही बंद खोलीत साधत नाही. अर्थात चळवळही माणसाला थकवते, आणि सगळे आयुष्य लढ्याला वाहणे हा तुमच्यावर लादलेला दुसरा बोजा होऊ नये. गोदामातील कामगार संघटनेचे सदस्य होणे, स्विंडनमधल्या दोन-तीन गोवेकर कुटुंबांबरोबर महिन्यातून एकदा बसणे आणि त्या बैठकीत हे विषय हसण्यावारी न नेणे, एवढे सुरुवातीला पुरे.

परत जायचे की नाही, हा निर्णय निदान तीन-चार आठवडे नीट झोप होईपर्यंत घेऊ नका. न झोपलेल्या मनाला पळून जाणे आणि सोसत राहणे एवढे दोनच मार्ग दिसतात. मधले मार्ग आहेत: दुसरी पाळी, दुसरे गोदाम, दुसरे शहर, किंवा तिथेच राहून लेखी तक्रार. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात रंग, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ यांवरून कामाच्या ठिकाणी होणारा छळ बेकायदा आहे. मात्र कामगार न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत घटनेपासून काही महिन्यांचीच असते, म्हणून कागदाच्या डाव्या बाजूच्या नोंदी आताच तारखेनिशी लिहून काढा, आणि सुट्टी संपण्याची वाट न पाहता संघटनेच्या प्रतिनिधीला इथूनच त्या पाठवून मुदत विचारून घ्या.